सगळे म्हणतात यंदा अपक्षच, मग निवडून दोनच कसे येतात?

खान्देशी खाक्या:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून लिहितोय. आधी धागा निघाला असेल तर लिंक द्या, हा बंद करायला सांगतो.

आमच्याकडे टपरीवर, लग्नात, गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, कुठेही विषय निघाला की लोकांचं एकच, आता पक्ष बघायचाच नाही, माणूस बघायचा, बरा अपक्ष उभा असला की त्यालाच टाकायचं. राग कशाचा ते सांगायला नको. २०१९ ला ज्याच्या विरोधात मत दिलं त्याच्याच गाडीत आपला माणूस बसलेला दिसला, २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी, मग घड्याळ कोणाचं आणि धनुष्यबाण कोणाचा हे आधी आयोगात आणि मग कोर्टात गेलं. माझे वडील जन्मभर एकाच चिन्हावर बटण दाबत आले, २०२४ ला मत देऊन बाहेर आले तर म्हणे चिन्ह ओळखीचं होतं पण त्याच्यापुढचं नाव बघून दोन मिनिटं कळेनाच काय करावं.

आता आकडे बघा. २०२४ च्या विधानसभेला चार हजारांवर उमेदवार, त्यात दोन हजारांवर अपक्ष. आले किती? दोन. जुन्नर आणि चंदगड, बास. २०१९ ला १३ होते, २००९ ला २४, आणि १९९५ ला तर ४५! म्हणजे पक्षांवरचा राग वाढतोय आणि अपक्ष कमी होतायत, हे कसं काय? लोक टपरीवर एक बोलतात आणि आत जाऊन दुसरंच करतात का? की आपलं मत फुकट जाईल ही भीती? आमच्या बाजूला मुक्ताईनगरला २०१९ ला चंद्रकांत पाटील अपक्ष निवडून आले होते, खडसेंच्या बालेकिल्ल्यात, दोन हजारांच्या आतल्या फरकाने, म्हणजे अशक्य आहे असंही नाही. ज्यांनी अपक्षाला मत दिलंय किंवा अपक्षाचं काम केलंय त्यांनी सांगा. पक्षाची बाजू लावून धरणाऱ्यांनी कृपया दुसरीकडे भांडा.

कृष्णाकाठ:
सांगलीचं मी सांगतो, कारण अपक्ष म्हटलं की हल्ली सगळे आमचंच उदाहरण देतात आणि उलटं देतात.

२०२४ लोकसभा. विशाल पाटील अपक्ष, चिन्ह लिफाफा, मतं ५,७१,६६६. भाजपचे संजयकाका एक लाखाच्या फरकाने पडले, आणि महाविकास आघाडीचे अधिकृत उमेदवार चंद्रहार पाटील, डबल महाराष्ट्र केसरी पैलवान, चिन्ह मशाल, त्यांना साठ हजारांच्या आसपास मतं आणि डिपॉझिट गेलं. हे पुण्यामुंबईच्या लोकांनी वाचलं आणि लिहिलं की जनतेने प्रस्थापित पक्षांना धडा शिकवला. अहो कसला धडा? उमेदवार कोण तर वसंतदादांचा नातू, वडील खासदार, भाऊ खासदार आणि केंद्रात राज्यमंत्री राहिलेला. भांडण होतं जागेचं. सांगली म्हणजे काँग्रेसची असं इथल्या लोकांच्या डोक्यात पक्कं, ती ठाकरेंच्या शिवसेनेला सुटली आणि तालुक्यातालुक्यातले काँग्रेसवाले बिथरले. वंचितनेही विशाल पाटलांना पाठिंबा दिला. लोकांनी काँग्रेसलाच मत दिलं हो, मशीनवर पंजा नव्हता म्हणून लिफाफ्यावर दाबलं, एवढाच फरक. निकालानंतर दोन दिवसांत दिल्लीत पाठिंब्याचं पत्र गेलं, काँग्रेसचे ९९ होते ते १०० झाले म्हणून पेपरात आलं.

आणि ह्याच माणसाने २०१९ ला आघाडीकडूनच स्वाभिमानी पक्षाच्या बॅट चिन्हावर निवडणूक लढवली होती, तेव्हा पडले. वंचितचे पडळकर तेव्हा तीन लाख मतं घेऊन गेले ते एक कारण होतंच, पण गावात म्हातारी माणसं बॅट कुणाची म्हणून विचारत होती हे मी स्वतः ऐकलंय. २०२४ ला लिफाफा कुणाचा असं कोणी विचारलं नाही. चिन्ह हातात आल्यापासून मतदानाला जेमतेम दोन आठवडे होते, तेवढ्यात ते वाडीवस्तीवर पोचलं ते काय हवेतून नाही पोचत, प्रत्येक गावात सोसायटीचा चेअरमन, माजी सरपंच, दूध संघातला कोणीतरी अशी माणसं आधीपासून असावी लागतात.

त्यामुळे खाक्या, तुमच्या प्रश्नातला अपक्ष आणि निवडून येणारा अपक्ष ही दोन वेगळी माणसं आहेत. निवडून येतो तो तिकीट न मिळालेला. २००९ ला कोल्हापुरात सदाशिवराव मंडलिक आले तेही राष्ट्रवादीने तिकीट कापल्यावरच. लोकसभेला २०२४ ला देशात सात अपक्ष आले, त्यातले पूर्णियाचे पप्पू यादव बघा, आपला पक्ष काँग्रेसमध्ये विलीन करून बसले, जागा राजदला गेली, मग अपक्ष. लडाखचे हनीफा, तेही नॅशनल कॉन्फरन्समधून बंड केलेले.

तिरकस तात्या:
म्हणजे लिफाफा फोडला तर आत पंजाच.

बूथ नं. चौदा:
मी एका अपक्षाचं काम केलंय, विधानसभेला, नाव आणि तालुका सांगत नाही, माणूस खरंच चांगला होता, निवृत्त शिक्षक, पाण्याच्या प्रश्नावर तालुका पायी पालथा घातलेला, सभेला गर्दी व्हायची आणि लोक खिशातून पन्नास-शंभर काढून द्यायचे. डिपॉझिट गेलं. का गेलं ते मला कोणी विचारलं नाही पण सांगतोच.

सुरुवात अर्जापासून. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक एक चालतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. दहा सह्या म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण छाननीत एकाचा यादीतला नंबर चुकला की समोरचा वकील टपून बसलेलाच असतो. मतदार यादी पक्षाच्या उमेदवाराला आयोगाकडून फुकट, अपक्षाने पैसे भरून घ्यायची. चिन्ह माघारीची मुदत संपल्यावर मिळतं, म्हणजे समोरच्याचं कमळ, पंजा, घड्याळ वर्षानुवर्षं भिंतींवर आहे आणि तुम्ही आज रात्री कळलेलं चिन्ह उद्या सकाळी छापायला टाकताय, आमच्या प्रेसवाल्याने तर पक्षांची कामं आधी म्हणून तीन दिवस रखडवलं. मशीनवर नावं पण आधी मान्यताप्राप्त पक्षांची, मग नोंदणीकृत पक्षांची, मग शेवटी अपक्षांची. उमेदवार पंधराच्या वर गेले की दुसरं मशीन लागतं आणि आमचा माणूस दुसऱ्या मशीनवर. वय झालेल्या मतदाराला समजावून सांगा आता, दुसरं डबडं, वरून अमुक नंबर.

खर्चाचं तर बोलायलाच नको. विधानसभेला मर्यादा ४० लाखांची, सगळ्यांना सारखीच म्हणतात. पण पक्षाचा स्टार प्रचारक हेलिकॉप्टरने येतो त्याचा प्रवासखर्च उमेदवाराच्या नावावर पडत नाही, कायद्यातच तशी सोय आहे. अपक्षाला स्टार प्रचारक नाही, त्याचा चहासुद्धा त्याच्याच हिशोबात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं बूथ. मतदारसंघात तीनशेच्या वर बूथ असतात, प्रत्येक बूथवर आत बसायला एक एजंट, बाहेर टेबल लावायला दोघं, उन्हात म्हाताऱ्यांना घेऊन येणारा एक. करा गुणाकार. आमची माणसं निम्म्या बूथवर पण नव्हती. दुपारी तीननंतर खरी निवडणूक सुरू होते, यादी घेऊन कोण आलं नाही कोण राहिलं बघायचं, त्या वेळी आमचं टेबल रिकामं आणि शेजारी वडापाव वाटणं चाललेलं. बरं, आम्हाला मत देणार म्हणून शपथ घेतलेली माणसं त्या टेबलावर बसलेली दिसली. मी रागावलो नाही त्यांच्यावर. एक जण म्हणाला सर चांगलेच आहेत रे, पण पडणारच आहेत, मग ह्यांच्याशी वैर कशाला घ्यायचं. रेशनकार्ड, घरकुल, मुलाची बदली ह्यासाठी पुढची पाच वर्षं ह्यांच्याच दारात जायचंय.

तर लोक खोटं बोलत नाहीत, खाक्या. टपरीवर खरंच बोलतात. पण तो येणार नाही असं प्रत्येकाला बाकीच्यांबद्दल वाटतं, आणि सगळ्यांनाच तसं वाटलं की तो येतच नाही.

रसिका_पी:
बूथ चौदा, वाचून वाईट वाटलं, पण मला उलट प्रश्न पडतो की समजा सर आले असते तर?

पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा. पक्षाच्या आमदाराने व्हिप, म्हणजे सभागृहात कसं मत द्यायचं हा पक्षाचा आदेश, मोडला तर आमदारकी जाते, निदान कागदावर तरी. अपक्षाला व्हिपच नाही. त्याला एकच अट, निवडून आल्यावर पक्षात प्रवेश करायचा नाही. प्रवेश न करता पाठिंबा मात्र कोणालाही द्या, काढून घ्या, परत द्या. म्हणजे मुख्यमंत्री बनवायला आकडा कमी पडला की ज्यांच्याशी बोलणं सगळ्यात सोपं ते हेच. १९९५ चे ४५ आठवतात ना? त्यांच्याच जोरावर मनोहर जोशींचं सरकार बसलं. हर्षवर्धन पाटील इंदापूरचे अपक्ष, तेव्हा युतीबरोबर मंत्री, नंतर आघाडीच्या काळातही मंत्री, मधली निवडणूक पुन्हा अपक्ष म्हणूनच. अनिल देशमुखही तेव्हा काटोलचे अपक्षच होते. ते ४५ म्हणजे लोकांचा पक्षांवरचा राग होता असं कोणाला वाटत असेल तर वाटो, मला त्यात काँग्रेसची तिकीटवाटपातली भांडणं जास्त दिसतात.

आणि तुमचं मुक्ताईनगर, खाक्या. ते चंद्रकांत पाटील मूळ शिवसेनेचे बंडखोर, २०१९ ला राष्ट्रवादीने त्यांच्यासाठी वाट मोकळी केली, २०२२ ला शिंदेंच्या बंडात गुवाहाटीला, २०२४ ला धनुष्यबाणावर उभे राहून पुन्हा आमदार. मी त्यांना नावं ठेवत नाहीये, मतदारांना चाललं म्हणूनच ते परत आले. पण २०१९ ला माणूस बघून मत दिलेल्यांनी अडीच वर्षांनी सरकार पाडायला मत दिलं होतं का?

जून २०२२ ची राज्यसभेची निवडणूक तर शिकवायला ठेवावी अशी आहे. पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, अपक्षाने कोणालाच दाखवायची नाही असा नियम. सहा जागा, सात उमेदवार, शिवसेनेचे संजय पवार पडले आणि भाजपचे धनंजय महाडिक आले, आणि दुसऱ्या दिवशी संजय राऊतांनी कोणकोणत्या अपक्षांनी आणि छोट्या पक्षांनी दगा दिला त्यांची नावं घेतली. खरं खोटं कोण ठरवणार? मतदारसंघातल्या माणसाला तर अजिबातच कळायची सोय नाही.

अगदी टोकाचं बघायचं तर झारखंड. मधू कोडा अपक्ष आमदार, २००६ ला थेट मुख्यमंत्री झाले आणि जवळपास दोन वर्षं राहिले. पुढे काय झालं ते शोधून वाचा.

म्हापशेकार:
रसिकाताई, तुमचं बरोबर आहे पण पक्षवाले तरी कुठे राहिले जागेवर? आमच्या गोव्यात २०२२ ला काँग्रेसचे ११ आले, सप्टेंबरमध्ये त्यातले ८ भाजपात. दोन तृतीयांश गेले की विलीनीकरण म्हणतात, कायदा शांत. त्याआधी २०१९ ला दहा गेले होते. २०२२ ला तर उमेदवारांना देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात नेऊन शपथा घ्यायला लावल्या होत्या, तरी हे. मग मतदार म्हणतो, तो पण उडी मारणार आणि हा पण, निदान अपक्षाने आधी सांगितलेलं तरी नसतं की मी अमक्याचा.

आणि आमच्याकडे अपक्ष येतात हो. मतदारसंघच एवढासा, पंचवीस-तीस हजार मतदार, उमेदवार प्रत्येकाच्या घरात चतुर्थीला जाऊन येऊ शकतो. २०१७ ला तीन आले, २०२२ ला तीन आले. पण खरी मजा हरलेल्याची. मनोहर पर्रीकरांचा मुलगा उत्पल पणजीतून अपक्ष राहिला २०२२ ला, भाजपने तिकीट नाकारलं म्हणून, ७१६ मतांनी गेला. सातशे सोळा! माजी मुख्यमंत्री पार्सेकर मांद्र्यातून अपक्ष राहिले, तेही पडले. म्हणजे घराणं असून, नाव असून, मतदारसंघ लहान असून सुद्धा पक्षाचं चिन्ह ते चिन्हच.

२०१७ ला काँग्रेस १७ आणि भाजप १३ असताना सरकार भाजपचं कसं झालं आणि त्यात अपक्षांचा हात किती हे मात्र मी नव्याने सांगत नाही, इथे सगळ्यांना पाठ आहे. रोहन खंवटे आणि गोविंद गावडे, दोघेही त्या सरकारात मंत्री होते, दोघेही पुढे भाजपात गेले.

वऱ्हाडी ठेचा:
सगळेच अपक्ष असे नसतात, एक आमच्याकडचं पण ऐका. बच्चू कडू. अचलपूर. २००४, २००९, २०१४, तिन्ही वेळा अपक्ष, ना घराणं ना कारखाना. अपंगांची कामं, शेतकऱ्यांची कामं, तहसीलमध्ये जाऊन ठिय्या, कधी कधी ते अति करतात हेही मान्य, पण माणूस रात्री फोन उचलतो ही ख्याती होती आणि लोकांनी त्याच्यावर मत दिलं. नंतर प्रहार पक्ष काढला, २०१९ ला त्यावर आले, गुवाहाटीला गेले, आणि २०२४ ला पडले. गुवाहाटीमुळे पडले असं मी म्हणत नाही, धर्मावर पण बरंच काही झालं त्या वेळी, पण आमच्या गावात त्या गुवाहाटीचं लोकांना आवडलं नव्हतं हे नक्की. म्हणजे बाकीच्यांना माफ आणि ह्याला नाही, का? कारण ह्याच्याकडून अपेक्षा वेगळी होती ना.

उलटं उदाहरण पण आमच्याच अमरावती जिल्ह्यात, नवनीत राणा, २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर अपक्ष खासदार, दिल्लीत गेल्यावर मोदी सरकारला पाठिंबा, २०२४ ला कमळावर उभ्या आणि काँग्रेसच्या बळवंत वानखडेंकडून पराभव. ज्यांनी २०१९ ला भाजप-सेनेला पाडायचं म्हणून मत दिलं त्यांनी काय करावं? त्यांनी पाच वर्षं थांबून हिशोब केला. लोक विसरत नाहीत, फक्त त्यांना पाच वर्षांतून एकदाच बोलता येतं.

तिरकस तात्या:
अपक्षांचं अजून एक काम राहिलं, दुसऱ्याची मतं खाणे. २०२४ ला दिंडोरीत शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे सर, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि शेजारी एक अपक्ष, आडनाव भगरेच, चिन्ह तुतारी. त्याला एक लाखाच्या वर मतं! प्रचार केला की नाही देव जाणे. साताऱ्यात तर तुतारी चिन्हाच्या अपक्षाला उदयनराजेंच्या मताधिक्यापेक्षा जास्त मतं पडली, शरद पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे पडले. म्हणजे अपक्षांना जनतेचा पाठिंबा मोजायचा तर ही मतं पण त्यातच धरायची का ते खाक्यांनी ठरवावं.

खान्देशी खाक्या:
तात्या 😄 नाही धरायची.

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर अपेक्षित नव्हतं. माझ्या लक्षात आलं ते असं की विधानसभा लोकसभेला अपक्ष म्हणजे बहुतेक वेळा तिकीट नाकारलेला, आणि खरा अपक्ष असला तर बूथवर मार खातो. पण मग खाली काय? ग्रामपंचायतीला तर पक्षाचं चिन्हच नसतं, सगळे पॅनलच, आणि निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष आमचे इतके सरपंच म्हणून आकडा देतो, बेरीज केली तर गावांपेक्षा सरपंच जास्त. नगरपालिका महापालिकेला अपक्षाला मत देण्यात अर्थ आहे का? माझ्या चुलतभावाच्या शहरात एक बाई उभ्या राहणार म्हणतायत, कचऱ्याच्या प्रश्नावर खूप काम आहे त्यांचं.

बूथ नं. चौदा:
नगरपालिका असेल तर जमू शकतं, प्रभाग लहान असतो, दोन-तीन हजार घरं एक माणूस पायी फिरू शकतो. महापालिका असेल तर अवघड. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी चार-चारचा प्रभाग, मतदाराला चार मतं द्यायची, आणि पक्षवाले प्रचारच असा करतात की वरपासून खालपर्यंत एकच चिन्ह दाबा. अपक्ष म्हणणार तीन कोणालाही द्या, एक मला द्या. मतदाराच्या डोक्यात ते बसत नाही, आणि मोठ्या प्रभागात एकट्याने फिरायचं तर आधीच्या दोन वर्षांपासून फिरायला लागतं. त्या बाईंना सांगा की चार जणांचं पॅनल करा, शहर विकास आघाडी वगैरे नाव घ्या, सारखंच चिन्ह मिळतंय का ते बघा.

रसिका_पी:
आणि त्यांना उभं राहायच्या आधीच जाहीर सभेत विचारा की महापौर निवडताना हात कोणासाठी वर करणार. मोघम उत्तर दिलं तर समजून जा. प्रतिज्ञापत्र पण बघा, प्रत्येक उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे त्यात असतात, अपक्ष म्हणजे आपोआप स्वच्छ असं काही नसतं.

खान्देशी खाक्या:
विचारतो भावाला. महापालिकाच आहे, चारचा प्रभाग. एक शंका राहिली, बाईंना एक मत दिलं आणि बाकीच्या तीन जागांना कोणीच पटला नाही तर?

बूथ नं. चौदा:
प्रत्येक जागेला नोटाचं बटण वेगळं असतं, ते दाबायचं. न दाबता तसंच बाहेर पडायला निघालात तर आतला अधिकारी परत बोलावतो, मागे रांग लांबते आणि शिव्या तुम्हाला पडतात.